एकशे दहा पावलांवरची रेघ

मंगळवार, १ ऑक्टोबर १९७४

दुपारी एक वाजून वीस मिनिटे. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे, पुढे कुणी "साधारण दुपारची गोष्ट" म्हणायला नको. आज दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, पूर्णा गावच्या खारबांधावर, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, डाव्या अंगाला, बांधावरच्याच माझ्या मचाणवजा माळ्यापासून एकशे दहा पावलांवर घूस बसली होती आणि माझ्या रायफलीच्या दुर्बिणीत फुली नव्हती.

सगळं नीट लिहिते, म्हणजे उद्या पत्रात उतरवता येईल. फुली म्हणजे दुर्बिणीतल्या दोन बारीक रेघा, एक उभी आणि एक आडवी. त्या जिथे एकमेकींना कापतात तिथे गोळी जाते. दुरुस्तीसाठी दुर्बीण मुंबईला फोर्टातल्या बोमनशांकडे ऑगस्टात दिली, कारण पावसाने आत बुरशी धरली होती. गेल्या आठवड्यात ती परत आली. बिलावर "नवी फुली बसवली" असं स्वच्छ लिहिलं आहे. आज नेम धरला तर समोर बांध, बांधावर घूस आणि मध्ये काही नाही. फळा पुसून ठेवल्यासारखं.

पाच गोळ्या अंदाजाने झाडल्या. पाचही फुकट गेल्या. घूस दुसऱ्या गोळीलासुद्धा हलली नाही, इतकी तिला माझी खात्री.

बाळाराम खाली उभा राहून बघत होता. हा बांधाचा कारभारी. उधाणाच्या दिवशी प्रत्येक घरातला एक माणूस बांधावर हजर आहे की नाही ते पाहतो आणि वहीत त्या घरापुढे एक उभी रेघ ओढतो. त्याला अक्षर येत नाही, रेघ येते. पाचव्या गोळीनंतर त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "बाई, आज वारा हाय."

वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं.

बुधवार, २ ऑक्टोबर

गांधीजयंती, पोस्ट बंद. गोळीबाराच्या तक्रारीचं पत्र नेमकं आजच लिहिते आहे हे माझ्या लक्षात आहे.

बोमनशांना चार पानं लिहिली. काम सुरू करण्याआधी त्यांनी स्वतःच विचारलं होतं की कोणती फुली बसवू, केसाइतकी बारीक, जाड खुंटा की मधोमध नुसतं टिंब. मी विचार करून बारीक मागितली. एकशे दहा पावलांवर घूस मुठीएवढी दिसते. जाड खुंटा तिला झाकून टाकतो, टिंब तिच्यावर बसतं आणि मग डोकं कुठलं, शेपूट कुठलं कळत नाही. वाघ मारणाऱ्याला खुंटा चालेल. घूस मारणाऱ्याला केसच हवा. हे मी त्यांना ऑगस्टमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा लिहून कळवलं होतं.

एक गोष्ट मात्र पत्रात लिहिली नाही, ती इथे लिहिते. दुर्बीण आली त्या दिवशी मागच्या अंगणात मी ती चुन्याच्या भिंतीवर रोखून पाहिली होती, तेव्हा फुली दिसली होती. म्हणजे घरी होती, बांधावर नाही. वाटेत गळून पडली असेल तर तीही त्यांचीच हलगर्जी.

शनिवार, ५ ऑक्टोबर

पेन्शनसाठी ठाण्याला निघाले आणि कल्याणला पोचले. बसच्या पाट्या कुणी रंगवतं की नाही? अक्षरं इतकी फिकी झाली आहेत की एसटीने वाचायची परीक्षा ठेवावी आणि पास होईल त्यालाच आत घ्यावं. कंडक्टरला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, पाटी नवीन हाय." मावशी! बावीस वर्षं गणित शिकवलं, एन.सी.सी.च्या मुलींना रायफल शिकवली, मेजरचा हुद्दा लावला, आणि आता मावशी.

ऊन फार होतं. डोळ्यांत मीठ टाकल्यासारखी चकाकी. दमून परत आले. पेन्शन राहिली.

सोमवार, ७ ऑक्टोबर

बोमनशांचं उत्तर आलं. इंग्रजीत आहे. तीन चुका सापडल्या, त्या लाल शाईने दुरुस्त करून ठेवल्या. त्यांचं म्हणणं असं: फुली जागेवर आहे, दिव्यासमोर धरून तपासली होती. पण काळ्या चिखलाच्या पार्श्वभूमीवर बारीक तार हरवते, "विशेषतः आपल्या वयाच्या गिऱ्हाइकांना असा अनुभव येतो". तेव्हा जाड खुंटा बसवून देतो, दुर्बीण पाठवावी.

आपल्या वयाच्या! मी बासष्ट वर्षांची आहे. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर बर्नार्डा ऐंशीव्या वर्षी आमच्या वह्यांतले पुसलेले स्वल्पविराम शोधून काढायच्या.

रंगूवहिनीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग धाडा की तेनला दुर्बीन. तो मानूस काय वंगाळ बोलत न्हाय."

वहिनीला सगळेच बरे वाटतात. माझा भाऊ गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच. ती आजकाल शिवणाचा नाद लावून घेते आहे वाटतं. उशीला दहा-बारा सुया ओवून टोचून ठेवलेल्या असतात, पांढऱ्या दोऱ्याच्या वेगळ्या, काळ्याच्या वेगळ्या. मला बटण लावायचं होतं तेव्हा एक आयतीच मिळाली.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

भाचा दौलत आला. भिवंडीत याचे बारा लूम. बसला तरी कान लूमकडेच असतात. दुर्बीण फोर्टात पोचवायला त्याच्याकडे दिली. जाताना खरं बोलला.

"आत्या, एक सांगू? बांधावर तुमी कशाला? मी एक मानूस देतो ना. उधान असंल तवा शिफ्टमधनं एक गडी धाडीन. तुमच्या घराची रेघ काय चुकनार न्हाय."

"आणि मग पुढच्या वर्षी माझं शेत कोण लावणार? तोच गडी?"

"तसं कुठं म्हनतो मी…"

"म्हणत नाहीस, पण हिशेब मला येतो. मी शिकवायचे तो."

तो हसला. वाईट नाही पोरगा. पण या बांधावर ज्या घराचा माणूस उभा राहत नाही त्या घराचं शेत हळूहळू दुसऱ्याचं होतं, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. चार वर्षांपूर्वी निवृत्त होऊन गावी आले तेव्हा बाळारामाने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "बाई, तुमच्या घरचा मानूस कोन?" मी म्हटलं, "मी." लोक हसले. चिखलाचे गोळे वाहणं मला जमणार नव्हतं, पण बांधाचा खरा वैरी मला ठाऊक होता. घूस बांधात बिळं करते, बिळातून उधाणाचं पाणी झिरपतं, झिरपता झिरपता भगदाड पडतं, आणि खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन वर्षं भात नाही. उधाणाला बिळं भरली की घुशी दिवसाढवळ्या वर येऊन बसतात. तेवढे दोन तास माझे. पहिल्या उधाणाला सात टिपल्या. तेव्हापासून बाळाराम वहीत रेघ ओढतो. गावातल्या कुठल्याही पुरुषाच्या रेघेइतकीच लांब.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दुर्बीण आली. जाड खुंटा बसवला आहे. खालून वर येणारा, टोकदार, काळाकुट्ट. दिसतो. दिसतो म्हणजे काय, दुसरं काही दिसतच नाही. शंभर पावलांवर अख्खी घूस त्याच्या मागे लपेल.

रविवार, १३ ऑक्टोबर

भिंतीवर खडूने ठिपका काढून दिवसभर पाहिलं. खुंटे दोन आहेत.

एक काळा आणि त्याला चिकटून जरा फिका, सावलीसारखा. बोमनशांनी एकाच्या बिलात दोन बसवले की जुना काढायला विसरले, देव जाणे. काच तीनदा पुसली. माझा चष्मा पुसला. चष्मा न लावता पाहिलं. दोनच.

संध्याकाळी दिवा लावला तर दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं. वीजही आता गढूळ पाण्यासारखी यायला लागली. वहिनीला म्हटलं, "बघ, कडं." ती म्हणाली, "हां, हाय खरं." मग तिने पान वाढलं. आमटीत मीठ होतं का हे मी विचारायच्या आतच तिने मिठाचं भांडं उचलून आत ठेवलं. कालच्यासारखं दुसऱ्यांदा टाकायला नको म्हणून असेल.

दोनपैकी काळा खुंटा खरा धरायचा असं ठरवलं आहे. उधाण परवा. पर्याय नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

हे लिहायला उशीर झाला.

अमावास्येचं उधाण. एक वाजता पाणी बांधाच्या कड्याला लागलं. प्रत्येक जण आपापल्या टप्प्यावर चिखलाचा ढीग घेऊन तयार होता. मी माळ्यावर. उघाडीच्या डाव्या अंगाला, नेहमीच्या जागी, तपकिरी, गोल, पाठ फुगवून बसलेली. मी काळा खुंटा तिच्या खाली आणला, श्वास धरला, चाप ओढला.

नेम अचूक बसला.

ते बाळारामाचं पाण्याचं मडकं होतं. तो बांधाच्या शेताकडच्या उतारावर मडक्याला टेकून बसला होता, म्हणून मला दिसला नाही. मडक्यापासून त्याचं डोकं दोन वितींवर.

तो उठला. अंगावर पाणी, खांद्यावर खापऱ्या. लोक खूप हसले. कुणीतरी ओरडलं, "बाळारामदादा, तुमाला घूस समजली बाई!" तो हसला नाही. माळ्याखाली आला आणि वर बघून म्हणाला, "बाई, लागलं न्हाय मला. खाली उतरा सावकाश. शिडीची तिसरी पायरी ढिली हाय."

मडक्याचा रंग घुशीचाच असतो. बांधावर मडकं ठेवायला कुणी सांगितलं? पाणी प्यायचं तर तांब्या आणावा.

त्याच भरतीत उघाडीशेजारी एक बीळ फुटलं. सहा जण त्यात पेंढ्याच्या गाठोड्यासकट बसले, दोन तास. खारं पाणी आमच्या शेताच्या कोपऱ्यात चार हात आलं आणि थांबलं. भात उभं आहे. कापणी पंधरा दिवसांवर. ते बीळ ज्या घुशीचं, ती मी एक तारखेला मारायला हवी होती.

वहिनी येऊन माझ्या कपाळावर हात ठेवून गेली.

बुधवार, १६ ऑक्टोबर

सकाळी बाळाराम आला. वाटलं, दौलतचा गडी घ्या म्हणून सांगायला आला असेल. ओट्यावर बसला, चहा घेतला.

"बाई, ती दुर्बीन बघू जरा."

दिली. त्याने ती बंदुकीवरच ठेवून समोरच्या भिंतीवर रोखली. बराच वेळ पाहिलं. एक डोळा मिटला, दुसरा मिटला.

"काय दिसतं?" मी विचारलं. "एक खुंटा की दोन?"

तो दुर्बिणीतच बघत राहिला.

"दोन," तो म्हणाला. "दोनच दिसतात, बाई. बिघडलेली हाय ही."

मी वहिनीला हाक मारली आणि तिलाही पाहायला लावलं. तिने बाळारामाकडे पाहिलं, मग दुर्बिणीत. "व्हय. दोन."

बरं वाटलं. किती बरं वाटलं ते लिहायला लाज वाटते. माझ्या बाजूने दोन साक्षीदार झाले. दुपारीच बोमनशांना रजिस्टर पत्र टाकलं: "दोन तटस्थ व्यक्तींनी प्रत्यक्ष पाहून खात्री केली आहे. एका माणसाचा प्राण तुमच्या गलथान कामामुळे जाता जाता राहिला आहे." शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढली. ती जरा तिरकी गेली.

बाळाराम जाताना म्हणाला, "वहीत तुमच्या घराची रेघ वढली हाय कालची. काळजी करू नगा."

कालची. मडकं फोडल्याची.

शनिवार, १९ ऑक्टोबर

बोमनशांचं उत्तर. चारच ओळी, या वेळी एकही चूक नाही. जशाच्या तशा मराठीत उतरवते:

"महोदया, माझ्या कारखान्यातून दोन खुंट्यांची दुर्बीण जाऊ शकत नाही, कारण नळीत दुसरा बसवायला जागाच नाही. आपण नेहमी उजव्या डोळ्याने पाहत असणार. कृपा करून एकदा डाव्या डोळ्याने पाहावे. हे मी व्यापारी म्हणून लिहीत नाही. माझ्या पत्नीलाही शस्त्रक्रियेआधी दिव्याभोवती कडी दिसत होती."

दिव्याभोवतीचं कडं मी त्याला कधी कळवलं होतं? सोळा तारखेच्या पत्राची नक्कल काढून पाहिली. कळवलं होतं. विजेबद्दल तक्रार म्हणून.

निर्लज्ज मनुष्य. उत्तर देणार नाही.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

चार दिवस काही लिहिलं नाही. वर्तमानपत्र बंद केलं. छपाई वाचण्यासारखी राहिली नाही. दुर्बीण कपाटात.

आज वहिनी अंगणात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "दे, निम्मे मी निवडते." तिने सूप दिलं. माझं निवडून झाल्यावर ती ते आत घेऊन गेली. मागच्या खिडकीतून दिसलं, किंवा दिसल्यासारखं झालं, की चुलीशी बसून ती माझे निवडलेले तांदूळ पुन्हा निवडते आहे.

फार थकले आहे. नुसती थकले आहे.

शनिवार, २६ ऑक्टोबर

काल दसरा. दौलतने पूजेसाठी बंदूक मागितली, म्हणून कपाटातून काढावीच लागली. फुलं वाहून झाली, तो गेला. आज ती पुन्हा ठेवताना भिंतीवर रोखली.

उजवा डोळा. दोन खुंटे.

मग डावा. बंदूक डाव्या खांद्याला लावायची सवय नाही, मान अवघडली.

एक खुंटा. एकच. कडा जरा धूसर, पण एकच, आणि टोक सुईसारखं.

पुन्हा उजवा, पुन्हा डावा. वीस वेळा केलं. मुलींना सांगायचे तेच केलं, एकदा आलेलं उत्तर चुकूनही येऊ शकतं म्हणून ताळा करा. ताळा वीसही वेळा जुळला.

तर बोमनशांविरुद्धची माझी तक्रार निकाली निघाली. त्यांना पाच ओळी लिहिल्या. आरोप मागे घेते, दिलगीर आहे. "आपल्या वयाच्या" हे शब्द मात्र मागे घ्यावेत. आणि पत्नीच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया कोणी केली, त्या डॉक्टरांचा पत्ता पाठवावा.

हे झाल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. रात्र झाली तरी एकच गोष्ट डोक्यात आहे. बाळारामाचे डोळे घारीसारखे आहेत. खाडीतल्या होडीवरचा माणूस कुठल्या घरचा हे तो बांधावरून सांगतो. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, एक डोळा मिटून आणि दुसरा मिटून, आणि म्हणाला, दोन.

रविवार, २७ ऑक्टोबर

बाळारामाला द्यायच्या पत्राचा मसुदा. पत्र मी स्वतः त्याच्या ओट्यावर जाऊन वाचून दाखवणार आहे. उत्तर मात्र तोंडी चालणार नाही.

श्री. बाळाराम, कारभारी, खारबांध, यांस,

मंगळवार, दिनांक १५ रोजी माझ्या हातून तुझा प्राण दोन वितींनी वाचला. त्याबद्दल तू मला एक शब्द बोलला नाहीस. शिडीची पायरी ढिली आहे एवढंच म्हणालास. दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या घरी येऊन दुर्बिणीतून पाहिलंस आणि दोन खुंटे दिसतात असं सांगितलंस. रंगूवहिनीने तुझं ऐकून तेच सांगितलं. तुमच्या भरवशावर मी एका प्रामाणिक कारागिराला चोर ठरवलं.

मी बावीस वर्षं शिक्षिका होते. जिचं उत्तर चुकलं तिच्या वहीवर मी कधी दयेने बरोबरची खूण केली नाही. माझ्या वहीवर तू केलीस. मडकं फुटल्या दिवशीसुद्धा माझ्या घरापुढे रेघ ओढलीस. ती रेघ मला नको आहे. मी काय कमावलं आणि काय नाही, हे ठरवण्याइतकी मी अजून शुद्धीवर आहे.

सोबत कोरा कागद जोडला आहे. त्यावर कंपासने एक वर्तुळ काढलं आहे. ते दुर्बिणीचं तोंड समज. तुला अक्षर येत नाही, पण उभी रेघ येते, आणि साऱ्या गावात तुझ्याइतकी सरळ रेघ कुणाची नाही. सोळा तारखेला सकाळी तुला त्या वर्तुळात जेवढ्या रेघा दिसल्या तेवढ्या काढ.

एक काढलीस, तर गुरुवारी, कोजागिरीच्या उधाणाच्या आत, बंदूक पोलीस ठाण्यात जमा होईल आणि माझा डोळा कापून नीट होईपर्यंत तिथेच राहील. गुरुवारी आमच्या घरचा माणूस म्हणून मी आणि वहिनी चिखल देणाऱ्यांच्या रांगेत उभ्या राहू. गोळे लहान असतील. चालतील की नाही ते तू ठरव, आणि चालले तरच वहीत रेघ ओढ. दौलतचा गडी येणार नाही.

दोन काढल्यास, तर गुरुवारी एक वाजता मी बंदूक घेऊन माळ्यावर चढेन. तू नवीन मडकं आण आणि उघाडीच्या डाव्या अंगाला, पूर्वी बसला होतास तिथेच, त्याला टेकून बस.

उत्तर याच कागदावर, तुझ्या हातचं, बुधवार दिनांक ३० ऑक्टोबर १९७४ रोजी दुपारी बारा वाजण्याच्या आत माझ्या ओट्यावर पोचलं पाहिजे.

कमळा केणे